शेजारच्या सीटवरचे मास्तर

मास्तरांना मेंदूचा झटका आला, त्यानंतर बाविसाव्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले. जे बोलले त्यातला शेवटचा शब्द मी इथे गाळणार आहे, कारण तो आमच्या घरात त्याआधी कुणी उच्चारला नव्हता.

दवाखान्यातून घरी सोडलं तो दिवस. गाडी मी चालवत होते, मास्तर शेजारी. एका मोटारसायकलवाल्याने डाव्या अंगाने घुसून आमच्या नाकासमोरून गाडी काढली, आणि बावीस दिवस तोंडाला कुलूप असलेले मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "अरे ए गाढवा, आरसा काय भांग पाडायला लावलाय का?" आणि पुढे तो शब्द.

मी भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले.

"अहो, बोललात तुम्ही! पुन्हा बोला. काहीही बोला. पाणी म्हणा."

मास्तरांनी तोंड उघडलं. ओठ मिटले, सुटले. जीभ वर गेली, खाली आली, काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखी इकडेतिकडे फिरली. 'त' झाला, 'म' झाला, पाणी काही झालं नाही. कपाळावर घाम आला तो मात्र खरा.

आणि मी, शहाणीने, तिथल्या तिथे निकाल दिला. शिवी येते, तर पाणी का येणार नाही? येतंय सगळं, माणूस हट्टाला पेटलाय. त्या एका निकालाने आमचे चाळीस दिवस खाल्ले.

थांबा, मी पुढे पळाले. माझा स्वभावच तसा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, आमच्याकडे ते बाशिंग माझ्या गुडघ्याला होतं. मास्तर कोण, ते आधी सांगायला हवं.

मास्तर म्हणजे माझे यजमान, आणि ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली दुसरा ब्रेक आणि डोळ्यांसमोर स्वतःचा वेगळा आरसा ठेवून, त्यांनी बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. त्याआधी गॅरेजात हवा भरली, पाण्याचा टँकर चालवला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणते, कारण मी त्यांचीच विद्यार्थिनी. तिसऱ्या परीक्षेला पास झाले, तोवर लग्न ठरलं होतं. पहिल्या झटक्यात पास झाले असते तर हे सगळं आज दुसरी कुणीतरी सांगत बसली असती.

मास्तरांचा एक नियम होता. शिकणाऱ्यावर आवाज चढवायचा नाही. कुणी गाडी दुभाजकावर चढवली तरी म्हणायचे, "छान. आता आपण जिथे आहोत तिथून निघू या." सगळा राग रस्त्यावरच्या बाकीच्या लोकांवर काढायचा, तोही काचा वर करून. म्हणजे ती शिवी आकाशातून पडलेली नव्हती. गेली बावीस वर्षं रोज दहा-वीस वेळा त्याच जागी, त्याच रागात ती आलेली होती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

स्कूलचे मालक घरी भेटायला आले. माणूस वाईट नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, सहा महिने सीट राखून ठेवतो. त्यापुढे मला दुसरा माणूस बघावा लागेल. हातपाय सुधारतील हो, पण ही नोकरी तोंडाची आहे." मास्तर समोरच बसले होते आणि त्यांना सगळं समजत होतं. ते खिडकीकडे बघायला लागले. त्यांना ती सीट परत हवी होती, दुसरं काही नको होतं, आणि हे सांगायला त्यांना तोंडाची गरज नव्हती.

सहा महिने! मी कॅलेंडरावर खूण केली आणि कामाला लागले. शिवी येते ना, मग शिवीमागून बाकीचं ओढून काढू. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. सहाला सुटले की मास्तरांना गाडीत घालायचं आणि गावातल्या सगळ्यात वाईट चौकात न्यायचं. तिथे सिग्नल बंद, ट्रक आडवे, रिक्षा उलट्या. मी मुद्दाम चुकीच्या रांगेत घुसायचे, लोकांना आडवी जायचे. मास्तर एकेका गाडीवाल्याचा असा उद्धार करायचे की माझे कान तृप्त व्हायचे. एकदा मलाच म्हणाले, "डोळे घरी ठेवून आलीस का?" इतकं स्वच्छ वाक्य! मी आनंदाने त्यांच्या गळ्यात पडले आणि पुढच्या टेम्पोला गाडी घासली.

घरी आलं की पुन्हा शून्य. पाणी हवं असलं तरी बोट. मग माझा पारा चढायचा. "तिथे बोलता, इथे का नाही? माझ्याशीच वाकडं आहे का?" एकदा तर मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिले, म्हणाल तेव्हाच देईन म्हणून. पाच मिनिटं ते ओठांशी झुंजले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळाला तोंड लावून पाणी प्यायले. त्याची लाज मला आजही वाटते.

दवाखान्याच्या फायलीतला एक कागद आमच्या मुलीच्या हाती लागला. त्यावर डॉक्टरांनी घरी सोडतानाच लिहून ठेवलं होतं की वाचेच्या उपचारांसाठी ताबडतोब पाठवावं. मी ती फाईल औषधांच्या डब्याखाली दाबून ठेवली होती. मुलगी मला काही बोलली नाही, नुसता कागद पुढे धरला. बोलली असती तर बरं झालं असतं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक आरसा, बस. बाहेर बाकावर एक निवृत्त पोस्टमन बसलेले होते. त्यांचं बोलणं अखंड चालू होतं, पण शब्द भिजल्यासारखे, एकाला एक चिकटलेले. मी मनात म्हटलं, यांचं तरी बरं आहे.

बाईंनी मास्तरांना जीभ बाहेर काढायला लावली, गाल फुगवायला लावले, शिट्टी मारायला लावली. एक ते दहा अंक म्हणायला सांगितले, तर मास्तरांनी एक म्हणायला वेळ लावला आणि पुढे दहापर्यंत गडगडत गेले. मग बाई म्हणाल्या, "आता फक्त सात म्हणा." तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. मी मध्येच म्हटलं, "सात म्हणा हो, आत्ता तर म्हणालात." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला बाहेर बसवलं.

नंतर त्यांनी मला समजावलं. बाहेरच्या पोस्टमनची जीभ आणि ओठच अशक्त झालेत, म्हणून त्यांचे शब्द चिकट येतात. मास्तरांचं दुखणं वेगळं, त्याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. जिभेत ताकद आहे, डोक्यात शब्द आहे, समज शाबूत आहे. पण तो शब्द बोलायला आधी ओठ की आधी जीभ, किती आणि केव्हा, ही जुळणी मेंदूत विस्कटली आहे. शिव्या, अंक, नमस्कार असलं जे पाठ होऊन गेलेलं असतं, ते जुळणीशिवाय आपोआप बाहेर पडतं. ठरवून बोलायचं म्हटलं की अडतं. "ते हट्ट करत नाहीयेत. जितका जास्त प्रयत्न करतात, तितकं जास्त अडतं."

मला माझे गाडी शिकतानाचे दिवस आठवले. पाय धड, डोकं धड, क्लच कुठला ते माहीत, आणि तरी गाडी आचके देऊन बंद. तेव्हा मास्तर माझ्यावर एकदाही चिडले नव्हते. आणि मी चाळीस दिवस त्यांना चौकाचौकात फिरवलं होतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी बाईंच्या समोरच रडले. त्यांनी रुमाल दिला आणि घड्याळाकडे पाहिलं, पुढचा पेशंट आला होता.

उपचार म्हणजे काय, तर तेच ते, तेच ते. बाई समोर बसून शब्द म्हणणार, मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे बघत बरोबरीने म्हणायचा, मग बाई नुसते ओठ हलवणार, मग मास्तर एकटे. एकेका अक्षराला टेबलावर बोटाचा एक ठोका. हळू. पन्नास वेळा, शंभर वेळा. मला बाहेर बसूनसुद्धा अंगावर मुंग्या चढायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मला माहेरी नावं ठेवत म्हणायचे. तेवढीच गोष्ट करायला मास्तरांना अख्खी सकाळ लागत होती.

सुरुवातीला सहा-सात शब्द निवडायचे होते, पेशंटच्या गरजेचे. मी यादी करून नेली. पाणी, चहा, भूक, डोकं दुखतंय, माझं नाव, मुलीचं नाव. मास्तरांनी यादी वाचली, परत केली आणि डाव्या हाताने, कारण उजवा अजून नीट वळत नव्हता, मुंगीच्या पायांच्या अक्षरात स्वतःची लिहिली. थांब. हळू. ब्रेक. डावीकडे. उजवीकडे. मागे बघ. छान. मी शेवटपर्यंत वाचत गेले, माझं नाव कुठे येतंय का बघत. आलं नाही. घरी येऊन मी भांडी जरा जोरातच आपटली.

पण शब्द आले. दोन महिन्यांत 'थांब' आला, मग 'हळू'. मुलीला ते फोनवर "छा…न" म्हणाले तेव्हा तिने तेच आणखी तीनदा म्हणायला लावलं. शेजारचे काका त्यांच्याशी कानात ओरडून बोलायचे, जणू झटका कानाला आला होता. त्यांना मास्तरांनी टेबलावर दोन ठोके देऊन "ह…ळू" सांगितलं. मी हसू दाबायला आत पळाले.

पाचव्या महिन्यात तो प्रकार झाला. बंद गाडीत मास्तर आपल्या सीटवर बसले, मी स्टीअरिंगवर, आणि सहज त्यांच्या तोंडून सुरू झालं, "सीट पुढे घ्या, आरसा बघा, पट्टा लावा, क्लच दाबा, पहिला गिअर टाका, हळूहळू सोडा." सलग. एकही ठोका नाही, एकही अडखळ नाही. बावीस वर्षं रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हटलेली ओळ! मी तिथूनच मालकांना फोन लावला. "मास्तर तयार आहेत. केव्हा येऊ?"

बाईंना हे सांगितलं. म्हणाल्या, "ही माळ आहे. सुरू झाली की शेवटपर्यंत जाणार. मध्येच काही वेगळं सांगायची वेळ आली तर?" मी म्हटलं, बघू. कॅलेंडरावरची खूण मला दिसत होती, बाईंना दिसत नव्हती.

डॉक्टरांनी हातपाय ठीक असल्याचा दाखला दिला. मालकांनी मास्तरांची परीक्षा घ्यायची ठरवली आणि त्या दिवशी ते मागच्या सीटवर बसले. मी येण्याचं काही कारण नव्हतं, तरी मीही मागे बसले. स्टीअरिंगवर कपडे शिवणाऱ्या एक बाई. मालकांचा हिशेब असा, की मशीन चालवून यांच्या पायाला अंदाज असेल. प्रत्यक्षात त्या दोन्ही पाय मशीनवरच्यासारखे एकदम दाबत होत्या.

मास्तरांनी ओळ सुरू केली. शिवणाऱ्या बाई एकेक करत गेल्या आणि गाडी खरंच चालू लागली. गोदामांमागचा रस्ता, रहदारी नाही. मालक माझ्याकडे बघून मान डोलावत होते. पुढे थोडासा चढ लागला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागून एक ट्रक आला आणि हॉर्न वाजवू लागला.

"मास्तर, बंद पडली. आता काय करू?"

मास्तरांचा पाय केव्हाच ब्रेकवर होता, गाडी तसूभर मागे गेली नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "सीट पुढे घ्या, आरसा बघा…" शिवणाऱ्या बाईंनी बिचारीने खरंच सीट पुढे घेतली. त्यांचं पोट स्टीअरिंगला टेकलं.

आणि मग मास्तर थांबले. माळ त्यांनी स्वतः मध्येच तोडली, ओठ घट्ट मिटून. हे याआधी त्यांना एकदाही जमलं नव्हतं. मागून मला त्यांचा हात दिसत होता. गुडघ्यावर बोटाचा ठोका पडला. एक. ओठ जुळायला लागले. मी ते बघत होते. ते काय करतायत हे त्या गाडीत फक्त मला कळत होतं. ट्रकवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता, मालकांनी घसा खाकरला, आणि मला आवरलंच नाही.

"ब्रेक दाबून ठेवा, गिअर मोकळा करा, चावी फिरवा!"

गाडी सुरू झाली. मास्तरांचं बोट गुडघ्यावर तसंच राहिलं. त्यांच्या आरशात त्यांनी मला पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी उलट काहीतरी बोलले असते.

स्कूलपाशी उतरल्यावर मालक हळूच म्हणाले, "वहिनी, बोलायला तुम्हीच लागणार असाल, तर सीटवर तुम्हालाच बसवावं लागेल."

दोन दिवस मास्तरांनी सराव केला नाही. सरावासाठी घरी आणलेला आरसा पालथा पडून होता. मी माफी मागितली, एकदा, दोनदा, दहादा. माफी मागतानाही मीच बोलत होते, त्यांना मध्ये शिरायला जागाच नव्हती. शेवटी मी एकटीच बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"तुम्ही किती वेळ थांबला होतात?" त्यांनी विचारलं.

"बराच वेळ."

त्यांनी मला सेकंदकाट्याचं घड्याळ दिलं. "ते नवीन शब्द सुरू करायला साधारण आठ सेकंद घेतात. तुम्ही नेहमी किती थांबता, मोजून बघा." घरी येऊन मी चोरून मोजलं. मुलीने त्यांना काही विचारलं आणि मी तोंड घातलं, मधे दोन सेकंद गेले होते. मग मी न्हाणीघरात जाऊन, दार लावून, नुसते आठ सेकंद गप्प उभं राहून पाहिलं. ते संपता संपेनात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. गाडीची चावी माझ्या हातात दिली. दाराच्या चौकटीवर तीन ठोके. "मा…ल…क."

मी रात्रीच एक अर्ज लिहून ठेवला होता, मालकांना दाखवायला, झकास मुद्देसूद. तो पुढे केला. त्यांनी घडी घालून माझ्याच पर्समध्ये ठेवला. स्कूलपाशी पोहोचल्यावर मी सीटबेल्ट काढायला लागले, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. थांब. शब्द येत होता त्यांना, पण तो त्यांनी आतल्या बोलण्यासाठी राखून ठेवला असावा. मी गाडीतच राहिले.

मालकांच्या केबिनला काच आहे. मला दोघं दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मास्तरांचं बोट टेबलावर पडायचं, मग थांबायचं, मग पुन्हा. मालकांनी एकदा घाईने मान हलवली, समजलं समजलं अशी. मास्तरांनी पंजा वर केला आणि आपलं चालूच ठेवलं. फोन वाजला, मालकांनी उचलला नाही. मी स्टीअरिंगचं कव्हर नखाने उसवून ठेवलं. दोनदा दार उघडलं आणि दोनदा लावलं. आत जाऊन दोन मिनिटांत सगळं सांगून टाकता आलं असतं मला. सतरा मिनिटं लागली.

मास्तर आले, शेजारी बसले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं आणि दात आवळले. सात, आठ, नऊ.

बोट डॅशबोर्डवर. "मै…दान." पुन्हा बोट. "र…स्ता… नाही. अ…जून."

म्हणजे नवशिक्यांना आधी ज्या मोकळ्या मैदानात फिरवतात, तेवढं मास्तरांकडे. रस्त्यावर न्यायला दुसरा माणूस येणार. अर्धी सीट. मला एकदम हसू आलं आणि एकदम रडू आलं, मी दोन्ही केलं. मास्तरांचेही डोळे भरले होते, पण ते समोर बघत होते.

"पण ते तयार कसे झाले? तुम्ही सांगितलंत तरी काय?"

या वेळी बारा सेकंद लागले. मी मोजले.

"बा…य…को," मास्तर म्हणाले. मी कान टवकारले. "मा…गे… ब…स…णार… नाही."

"ही अट मालकांनी घातली?"

त्यांनी मान हलवली आणि बोट स्वतःच्या छातीला लावलं. "मी."

मला असं झोंबलं म्हणून सांगू! सहा महिने कुणी रक्त आटवलं, चौकात शिव्या कुणी खाल्ल्या, कॅलेंडर कुणी मोजलं? उत्तर जिभेवर तयार होतं, चांगलं लांबलचक. पण त्यांचं बोट अजून डॅशबोर्डवर होतं, म्हणजे वाक्य संपलेलं नव्हतं. मी थांबले.